लिहिणाऱ्याच्या कानात कापूस

पाणथळीतल्या मोजणीचा नियम बाईंनीच घातलेला होता, आणि आजवर तो कुणी मोडला नव्हता. मोजायला दोघांनी जायचं. एकाने ऐकायचं, एकाने लिहायचं. ऐकणाऱ्याने वाटेवर रोवलेल्या प्रत्येक खुंटापाशी डोळे मिटून उभं राहायचं आणि किणकिणीचा एक सूर कानी आला की एक बोट वर करायचं. लिहिणाऱ्याने ते बोट पाहून कागदावर रेघ मारायची. आणि लिहिणाऱ्याच्या कानात कापूस. मेण लावून घट्ट वळलेला, बाहेरचं काही म्हणून आत येऊ न देणारा बोळा.

"का सांगू?" बाई नव्या माणसाला विचारायच्या आणि उत्तराची वाट न पाहता सांगायच्या. "लिहिणाऱ्याला ऐकू आलं की त्याचा श्वास अडतो. पेन्सिल उचलली जाते. ऐकणाऱ्याचे डोळे मिटलेले असले तरी माणसाला माणसाचं कळतंच. मग बोट कानाचं ऐकत नाही, शेजाऱ्याचं ऐकतं. आपल्याला किणकिणी मोजायच्यात, एकमेकांच्या आशा नाहीत."

किणकिणी म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा किडा. रातकिड्यांच्या गोतातला, पण दिवस कलताना गाणारा, आणि अंधार पडायच्या आत गाऊन गप्प होणारा. पाणकणसांच्या पात्याखाली बसून तो पंखावर पंख घासतो, आणि त्यातून असा बारीक सूर निघतो की पुष्कळांना तो आपल्याच कानात वाजतोय असं वाटतं. बाईंच्या आधी सगळ्यांना तसंच वाटलं होतं. बाई तेव्हा पंचविशीतल्या होत्या. गुडघाभर चिखलात उभं राहून त्यांनी त्या सुराचा माग काढला आणि पातं उलटून जगाला दाखवलं, हा बघा, हा गातोय. त्या एका पात्यावर बाईंचं नाव देशोदेशी गेलं. पाठ्यपुस्तकात त्यांचा धडा आला, टोपी घातलेल्या चित्रासकट. बाई म्हणायच्या, "त्या टोपीत मी मशरूमसारखी दिसते."

टिटवी त्यांच्या हाताखाली आली त्याला दोन हंगाम झाले होते. टिटवी हे नाव बाईंनीच ठेवलेलं. पहिल्याच दिवशी फळ्यांच्या वाटेवरून पाय घसरून ती चिखलात गेली आणि अशी काही ओरडली, की पाणथळीतली सगळी पाखरं उठली. बाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या होत्या, "झालं. आता आठ दिवस इथे कुणी गाणार नाही. ये बाहेर, टिटवे."

आठ दिवस काय, दोन्ही हंगामांत कुणी गायलं नाही. टिटवी कानात कापूस घालून बाईंच्या मागे मागे चालत राहिली, आणि बाईंचं बोट एकदाही वर झालं नाही. शेवटच्या खुंटापाशी बाई डोळे उघडायच्या, टिटवीच्या हातातला कागद पाहायच्या, आणि तो कोरा आहे हे आपल्याला ठाऊकच नव्हतं अशा नजरेने पाहायच्या. मग स्वतःच खाली शून्य काढायच्या.

"माझ्यासमोर आली, माझ्यासमोर गेली," एकदा त्या म्हणाल्या. "पोटच्या पोराचंसुद्धा असं दोन्ही बघायची वेळ कुणावर येऊ नये."

आता समितीची बैठक आठवड्यावर आली होती. शहराला बसडेपोसाठी जागा हवी होती आणि पाणथळ बुजवायची होती. आजवर ती बुजली नव्हती ती एका तांदळाएवढ्या किड्यामुळे. तो किडाच उरला नसेल तर चिखल राखायचं कारण उरत नव्हतं. बाईंनी समितीपुढे उभं राहून एवढंच सांगायचं होतं: आहे, की नाही.

*

टिटवी या वाटेला लागली ती बाईंच्या आवाजामुळे. ती शाळेत होती, घरात रेडिओ होता, आणि तो लावायची ती एकटीच, कारण आईला तो ऐकू येत नव्हता. आई विणकामाच्या गिरणीत होती. मागांच्या खडखडाटाने तिचे कान हळूहळू नेले होते. एके दिवशी रेडिओवर एक बाई बोलू लागली. ती म्हणाली, "मी दरवर्षी मोजते आहे. दरवर्षी हा सूर कमी होतो आहे. हा बघा माझा आलेख, आता रेडिओवर तुम्हाला तो दिसायचा नाही, पण डोंगरावरून उतरणारी वाट डोळ्यांपुढे आणा. ज्यांचे कान तरणे आहेत त्यांनी ऐकून घ्या. नंतर मला विचारायला येऊ नका." टिटवी जेवायची थांबली होती. कुणीतरी एवढ्याशा जिवासाठी इतकं काळजीने बोलतं, हे तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं. तो उतरता आलेख पुढे तिने वहीच्या पुठ्ठ्यावर काढला, कॉलेजात भिंतीवर लावला, आणि शेवटी तो आलेख काढणाऱ्या हातांपाशी येऊन पोचली.

*

त्या संध्याकाळी हंगामातली शेवटची मोजणी होती. मधल्या खुंटापाशी बाई डोळे मिटून उभ्या होत्या. टिटवी चार पावलं मागे. एक गांधीलमाशी तिच्या केसांत शिरली. ओरडायची सोय नव्हती. तिने दात आवळून केस झटकले, मान झटकली, आणि त्या झटापटीत डाव्या कानातला बोळा निसटून फळीवर पडला.

आणि पाणथळ गात होती.

एक नाही, दोन नाही. जणू बारीक काचेच्या बांगड्या कुणी पाण्याखालून हलवीत होतं. डावीकडून एक, त्याला उत्तर पलीकडून, मग थेट बाईंच्या पायाशी असलेल्या पात्यातून एक असा लख्ख सूर, की टिटवीच्या अंगावर काटा आला. तिने बाईंकडे पाहिलं. बाईंचा चेहरा वर उचललेला. मिटल्या पापण्या थरथरत होत्या. सगळं अंग एकवटून त्या ऐकत होत्या. उजवा हात मांडीशी होता, आणि बोट खाली होतं.

लिहिणाऱ्याने बोलायचं नाही. लिहिणाऱ्याने बोट पाहून लिहायचं, आणि बोट वर झालेलं नव्हतं. तिने वाकून बोळा उचलला. परत घालावासा वाटेना, टाकवेना. तो मुठीत धरून ती उरलेले खुंट बाईंच्या मागून चालली, गाण्याच्या मधोमध, कोरा कागद घेऊन. शेवटी बाईंनी पेन्सिल मागितली आणि शून्य काढलं.

"संपलं," त्या म्हणाल्या. "चल. तुझा चेहरा का असा?"

"गांधीलमाशी," टिटवी म्हणाली.

परतताना तिला एकेक आठवत गेलं. प्रयोगशाळेतल्या भट्टीची शिट्टी पिंपिं करत राहायची आणि बाई तिच्या शेजारी बसून लिहीत असायच्या. सगळे हसून म्हणायचे, बाईंची तंद्री. टिटवी उठून ती बंद करायची. दारावरची बारीक घंटा. शिपाईकाकांच्या नातीची हाक. कुणी बोलताना बाईंची नजर डोळ्यांऐवजी ओठांवर असायची. ज्या घरात ती वाढली त्या घरात ही नजर तिने रोज पाहिली होती. जगात कुणाला ती ओळखता यायला हवी होती तर टिटवीला. पण बाईंचे कान! सूर्याला चष्मा लागेल असं कुणाच्या मनात तरी येतं का?

*

आई शिवणयंत्रावर बसली होती आणि गात होती. कान गेल्यापासून तिच्या गाण्याला सूर राहिला नव्हता, शब्द मात्र ती अजून स्वतःच जोडायची.

*कानाच्या गं दारावरी कुणी लावियेली कडी*
*लेकीच्या ओठांवरी वाचते मी घडीघडी*

टिटवी समोर येऊन बसली, दिव्याच्या उजेडात. या घरात बोलायचं ते असंच. तिने सगळं सांगितलं. आईने कापड बाजूला ठेवलं.

"तुला कुणी सांगितलं होतं, आई? तुझे कान जातायत म्हणून?"

"कोण सांगतंय! तुझे बाबा वर्षभर मोठ्याने बोलत राहिले आणि मी म्हणायची, बघा, लग्नाला दहा वर्षं झाली तरी माझ्यावर ओरडतात." आई हसली. मग हसू तसंच ठेवून म्हणाली, "गिरणीत मुकादमाने आग लागली म्हणून हाक दिली. सगळ्या पळाल्या. मी आपली धागा सांधत बसलेली. धूर दिसला तेव्हा मला कळलं. आगीचा राग नाही आला गं. सगळ्यांना माहीत होतं आणि मला नव्हतं, त्याचा आला. अजून जात नाही."

"मी कसं सांगू त्यांना? त्यांच्याकडे दुसरं आहे काय?"

"समोर बसून सांग. पाठीमागून नको. आणि तोंडावर हात घेऊ नकोस, तू रडायला लागलीस की घेतेस."

*

पण नुसत्या तोंडी शब्दाला बाई किंमत देणार नाहीत हे टिटवीला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी ती एकटी पाणथळीत गेली आणि संस्थेतलं ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन गेली. बाईंनी ते मोजणीला कधी येऊ दिलं नव्हतं. यंत्राला ऐकू येतं पण कळत नाही, म्हणायच्या. ते यंत्र आवाजाचं चित्र काढतं: जाड आवाज खाली, बारीक आवाज वर.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती बाईंच्या खोलीत गेली. बाई भाषण लिहीत होत्या. टिटवीने पडदा सरकवला, उजेड आपल्या तोंडावर घेतला, आणि चित्र टेबलावर ठेवलं. वरच्या कडेला आखूड उभ्या रेघांची रांगच्या रांग होती, पावसात भिजलेल्या तारेवर थेंब असतात तशी.

बाईंच्या चेहऱ्यावर माया पसरली. "काय सुंदर निघालीये गं. कुठून काढलीस ही? ही माझी जुनी फीत दिसते."

"नाही, बाई. कालची आहे."

"कुठली?"

"आपल्याच पाणथळीतली. मधल्या खुंटापाशी."

बाईंनी चित्राकडे पाहिलं. मग तिच्याकडे. "परवा आपण तिथेच होतो."

"हो."

"परवा नव्हती."

"परवा होती, बाई. माझा बोळा पडला. मी ऐकलं. तुमच्या पायाशी एक गात होती."

"तू कापूस काढलास?" बाईंचा आवाज चढला. "मोजणी चालू असताना? दोन वर्षं काय शिकवलं मी तुला? नियम हा नियम असतो! अशाने कोण विश्वास ठेवेल आपल्या आकड्यांवर? आता सगळी मोजणीच रद्द..."

त्या बोलता बोलता थांबल्या. टिटवी तोंडावर हात न घेता रडत होती.

"यंत्रातून आवाज लाव," बाई म्हणाल्या.

टिटवीने लावला. खोली किणकिणीने भरून गेली. बाहेरून चाललेले शिपाईकाका दारात थबकले आणि आनंदाने म्हणाले, "आली का परत?"

बाईंनी त्यांच्या ओठांकडे पाहिलं, मग टिटवीकडे, मग यंत्राच्या लुकलुकणाऱ्या दिव्याकडे. "लावलायस?" त्यांनी विचारलं.

"लावलाय."

"मोठा कर."

"याहून मोठा होत नाही, बाई."

शिपाईकाका हळूच दार ओढून गेले. बाईंनी दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवले, खूप चालून आलेलं माणूस ठेवतं तसे. बाहेर सायकली, माणसं, दारं. त्या सगळ्याचा जाड आवाज त्यांना ऐकू येत होता. फक्त वरच्या एका मजल्याला कुणीतरी कुलूप लावून किल्ली नेली होती, आणि नेमकं तिथेच त्यांचं सगळं सामान होतं.

"आहे म्हणजे," शेवटी त्या म्हणाल्या. "जिवंत आहे."

"भरपूर आहेत."

"मी दोन वर्षं रडले गं तिच्यासाठी." आणि मग, अगदी हळू, "टिटवे, कान काही एका दिवसात जात नाहीत."

टिटवीला आधी कळलं नाही. बाईंनी मागे वळून भिंतीकडे पाहिलं. तिथे तो आलेख होता. डोंगरावरून उतरणारी वाट.

"हा किणकिणीचा आहे," बाई म्हणाल्या, "की माझ्या कानाचा?"

*

बैठकीत बाईंनी लिहिलेलं भाषण काढलंच नाही. टिटवी समोरच्या बाजूला, खिडकीकडे तोंड करून बसली होती. कुणी बाजूने प्रश्न टाकला की ती ओठांनी तोच प्रश्न परत सांगायची.

"किणकिणी आहे," बाई म्हणाल्या. "माझ्या या मुलीने ऐकली आहे, यंत्रानेही ऐकली आहे. मला ऐकू येत नाही. दोन हंगामांतली शून्यं माझी आहेत, किणकिणीची नाहीत."

एक अभियंता पुढे झुकला. उर्मट नव्हता बिचारा, पण सरळ होता. "मग बाई, त्याच्या आधीचे आकडे? ते उतरत गेले ते?"

टिटवीचे ओठ हलेनात. तो प्रश्न तिला पोचवायचाच नव्हता. बाई तिच्याकडे पाहत वाट बघत राहिल्या, आणि मग स्वतःच म्हणाल्या, "आधीच्या आकड्यांचं विचारलंत ना? विचारायलाच हवं. कुठवर किडा कमी झाला आणि कुठून मी, ते मला सांगता येत नाही. म्हणून तो आलेख मी मागे घेते. पुस्तकांतून काढा. मुलांना शिकवू नका."

बुजवणं लांबणीवर पडलं. नव्याने मोजायचं ठरलं. लोक उठले, खुर्च्या सरकल्या, दोघातिघांनी बाईंचा हात हातात घेतला आणि सोडला.

बाहेर पायऱ्यांवर टिटवी म्हणाली, "त्या आलेखामुळे मी इथे आले, बाई. तो नसता तर मी कुठे असते?"

"चुकीच्या कारणाने आलीस," बाई म्हणाल्या. "पण आलीस. आता योग्य कारण शोध. माझ्याजवळ मागू नकोस." मग घड्याळ पाहून म्हणाल्या, "दिवस कलतोय. तुझ्याकडे कागद आहे का?"

*

फळ्यांच्या वाटेच्या तोंडाशी बाईंनी टिटवीच्या हातातून कागद आणि पेन्सिल काढून घेतली. मग पिशवीतून मेणाची डबी काढली, कापूस वळला, आणि दोन्ही कानांत घट्ट बसवला.

"बाई, तुम्हाला कशाला?" टिटवी म्हणून गेली, आणि जीभ चावली.

बाईंना ते ऐकू आलं नव्हतं. पण त्यांनी ओठ वाचले होते. "लिहिणाऱ्याच्या कानात कापूस," त्या जरा मोठ्यानेच म्हणाल्या. "मिट डोळे."

टिटवीने डोळे मिटले. पहिल्यांदाच ती ऐकणारी होती. पाणकणसं एकमेकांना घासत होती. दूर कुठेतरी फाटक वाजलं. आणि मग तो सूर आला, धाग्यासारखा, त्यात दुसरा ओवला गेला, तिसरा. तिने बोट वर केलं. खाली घेतलं. वर केलं. मागे पेन्सिल चालत होती, कर्र, कर्र, एकेक रेघ. तिला वाटलं, आपण एकेक बोट उचलून बाईंच्या हातातून एकेक गोष्ट काढून घेतोय. तिला बोट खोटं खाली ठेवावंसं वाटलं. ठेवलं नाही.

पुढच्या खुंटापाशीही तसंच. त्याच्या पुढच्या खुंटापाशी बोट वर झालं आणि पेन्सिल वाजली नाही.

ती थांबली. पुन्हा बोट वर. मागे काहीच नाही. डोळे उघडायची मुभा नव्हती. तिने उघडले.

बाई फळीवर बसल्या होत्या, कागद मांडीवर, पाय चिखलावर लोंबकळत. कागदावर रेघांचं रान माजलं होतं. टिटवी त्यांच्यासमोर उकिडवी बसली, उजेडाकडे तोंड करून.

"दुखतंय का काही?"

"नाही गं. मी आठवत होते." बाईंनी पाण्याकडे पाहिलं. "पहिली कधी ऐकली ते मला लख्ख आठवतं. कुठल्या पात्याखाली, माझ्या अंगात काय होतं, चिखल किती गार होता. आणि शेवटची? कधीतरी एका संध्याकाळी ती मला शेवटची ऐकू आली असणार. मी बोट वर केलं असणार. कुणीतरी रेघ मारली असणार. आणि मी पुढच्या खुंटाकडे निघून गेले असणार, घाईत, घरी दूध आणायचं होतं म्हणून. थांबले असते ना गं. जरा उभी राहिले असते."

पात्यांमधून किणकिणी गात होती. आता तो आवाज तिला मोजवेना. तो नुसता येत होता, दोघींच्या मधे, एकीपाशी पोचत होता आणि एकीपाशी नाही.

"हात दे," बाई म्हणाल्या. त्या उठल्या, गुडघ्यावरचा चिखल झटकला, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं. "अजून खुंट राहिलेत. आणि मघाशी डोळे उघडलेस, ते मी पाहिलंय. हा खुंट परत कर."

टिटवी पुन्हा जागेवर उभी राहिली आणि तिने डोळे मिटले.